उंबऱ्याबाहेरची जागा

फार फार वर्षांपूर्वी, जिथं शेत आणि समुद्र यांच्यामध्ये मातीच्या एका बांधाशिवाय दुसरं काहीच नव्हतं, असं एक गाव होतं. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं, तर पाणी शेतापेक्षा उंच दिसायचं. परगावचे पाहुणे ते बघून मागं सरकायचे. गावातली माणसं मात्र त्याच बांधाला पाठ टेकून भाकर खायची.

गाव प्रभूला मानणारं होतं. टेकाडावर छोटंसं प्रार्थनामंदिर होतं. तिथं एक घंटा होती आणि एक म्हातारे पाळक होते. लेकरांना नावं तिथंच मिळत, आणि म्हाताऱ्यांना शेवटची जागाही तिथंच, मागच्या आवारात.

बांध सांभाळायचं काम एका माणसाकडे होतं. सगळे त्याला राखणदार म्हणत. त्याच्या आधी त्याचा बाप राखणदार होता, त्याच्या आधी आजा.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, त्या बांधाचा खरा शत्रू लाट नव्हती. खरा शत्रू खेकडा होता. खेकडा बांधात बीळ पाडायचा, बोटाएवढं. पहिल्या भरतीला ते बांगडीएवढं व्हायचं. आणखी काही भरत्या गेल्या, की त्यातून माणूस आरपार जाईल. आणि मग एके दिवशी बांध फुटायचा. अशा फुटीला ते लोक खांड म्हणत. खांड गेली की खारं पाणी शेतात शिरायचं, आणि पुढचे तीन पावसाळे त्या जमिनीत भाताची काडी उभी राहत नसे.

म्हणून त्या गावाची एक रीत होती. ज्याला बीळ दिसेल त्यानं मोठ्यानं ओरडायचं, "बीळ!" ते ऐकून सगळ्यांनी हातातलं काम टाकून टोपल्या घेऊन धावायचं. बीळ कुणामुळे पडलं, कुणाचं लक्ष नव्हतं, हे कुणी विचारायचं नाही. आणि राखणदाराच्या कमरेला एक पिशवी असायची. बिळाची खबर आणणाऱ्याला तो त्या पिशवीतून गुळाचा खडा द्यायचा.

एकदा गावचा कुंभार त्याच्याकडे आला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"राखणदारदादा, बीळ."

"कुठं?"

"चिंचेच्या समोर. खेकड्यानं पाडलंय."

"खेकडा केवढा होता?"

"बराच थोर होता."

"त्याच्या हातात पहार होती का रे?"

कुंभार ओशाळला. "कालवण खावंसं वाटलं, दादा. हवा अशी ढगाळ. जीभ ऐकेना. खेकड्याच्या मागं जरा जास्तच खणलं."

"बरं झालं होतं का कालवण?"

"कुठलं! बायकोनं दोनदा मीठ घातलं."

"मग शिक्षा झालीच की तुला," राखणदार हसून म्हणाला. "धर हा गूळ. तोंड गोड कर आणि टोपली उचल."

कुणी तरी त्याला विचारलं, "अहो, ज्यानं बांध पोखरला त्यालाच गूळ?"

राखणदार म्हणाला, "आज मी त्याच्यावर ओरडलो, तर उद्याचं बीळ मला कुणी दाखवणार नाही. दाखवलेलं बीळ घटकाभराचं काम असतं. लपवलेलं बीळ समुद्र शोधून काढतो."

असा तो शहाणा माणूस होता. निदान बांधावर तरी.

त्याला एकच मुलगी होती, पुष्कळ वर्षं वाट पाहिल्यावर झालेली. ती जन्मली त्या दिवशी त्यानं तिला दोन्ही हातांवर घेऊन प्रार्थना केली होती, "प्रभू, ही तुझी ठेव आहे. शेवटच्या दिवशी मी हिला तुझ्यापुढे उभी करीन, तेव्हा हिच्या अंगावर एकही डाग नसेल." ही प्रार्थना तो कधी विसरला नाही. इतर बाप मुलांच्या लग्नाची, शेताची चिंता करत. हा त्याही पलीकडची करायचा. त्याचं प्रेम खोटं नव्हतं. त्याची नजरही खोटी नव्हती. फार दूरवर बघता बघता पायाजवळचं मात्र त्याला दिसेनासं झालं.

मुलगी लहानपणी बडबडी होती. संध्याकाळी बाप घरी आला, की ती त्याच्या गळ्यात पडून दिवसभराचं सांगायची. "बाबा, आज माझ्या हातून एक मोठी चूक झाली आणि एक मधली. आधी कुठली सांगू?"

बापाला हसू यायचं, पण तो ते दाबायचा. हसलो तर चूक गोड लागेल, असं त्याला वाटे.

मग त्यानं घरात एक नियम केला. रोज दिवेलागणीला ते तिघं आतल्या खोलीत गुडघे टेकून प्रार्थना करत, भजन म्हणत. ज्या दिवशी मुलीच्या हातून चूक होईल, त्या दिवशी तिनं आत यायचं नाही. उंबऱ्याबाहेर पायरीवर बसून ऐकायचं.

"चूक घेऊन देवासमोर बसू नये," तो तिला म्हणे. "उद्या नीट वाग, उद्या आत ये."

पहिल्यांदा ती बाहेर बसली तेव्हा तिनं दुधाचं मडकं फोडलं होतं. कुणी पाहिलं नव्हतं. तिनं आपण होऊन सांगितलं होतं. आत आईनं भजन सुरू केलं, तेव्हा बाहेरून तिचा बारीक आवाज सुरात सूर मिसळू लागला. बाप म्हणाला, "बाहेरून म्हणायचं नाही. नुसतं ऐकायचं." मग तो आवाज थांबला.

मुलगी झोपल्यावर बायको म्हणाली, "अहो, लेकरू खरं बोललं होतं."

"म्हणूनच मारलं नाही."

"मारलं असतंत तर बरं होतं. रडून मोकळी झाली असती."

"आज रडली तर चालेल गं," तो म्हणाला. "त्या शेवटच्या दिवशी रडायला नको." आणि बोलता बोलता त्याचेच डोळे भरून आले. असल्या प्रेमाशी भांडायचं कसं, हे तिला कळेना.

मुलगी हुशार होती. ती बऱ्याच संध्याकाळी बाहेर बसली, आणि मग शिकली. चूक करू नये, हे ती शिकली नाही. ते कुणालाच जमत नाही. चूक सांगू नये, हे ती शिकली.

फुटलेलं मडकं परसात पुरलं जाऊ लागलं. फाटलेलं पोलकं आतून शिवलं जाऊ लागलं. ती बाहेर बसेनाशी झाली. बापानं ते पाहिलं आणि प्रभूचे आभार मानले. गावातल्या बाया आपल्या मुलींना म्हणत, "बघ जरा तिच्याकडे!" संध्याकाळी बाप घरी आला की ती पाण्याचा तांब्या पुढं करायची, विचारलं तर "बरं आहे, बाबा" म्हणायची. चुकांची मोठी, मधली अशी वाटणी आता कुणी करत नव्हतं. बापाला वाटलं, पोर समजूतदार झाली.

अशी ती वयात आली. त्या वर्षी, भात पिवळं पडू लागलं तेव्हा, पाळकांनी सांगितलं की येत्या पौर्णिमेला, पहिल्या लोंब्यांच्या सणाला, तिला प्रभूच्या मेजाशी घेऊ, म्हणजे सगळ्या गावाबरोबर प्रभूची भाकर ती पहिल्यांदा खाईल. त्या गावात याच्याइतका मोठा दिवस माणसाच्या आयुष्यात दुसरा नसे. आईनं पांढरं लुगडं काढून उन्हात घातलं. बाप मुलीला म्हणाला, "एवढे दिवस जप. बाहेर बसलेल्याला त्या मेजाशी जागा नसते."

"बरं, बाबा."

सणाच्या आधीचा रविवार होता. विसाव्याच्या त्या दिवशी कुणी कामाला हात लावत नसे. दुपारी तिच्या मैत्रिणी बांधावर निघाल्या होत्या, एक पहार आणि एक टोपली लपवून.

"खेकड्यांना चाललोय. येतेस?"

"आज रविवार आहे."

"खेकड्यांना कुठं माहीत आहे?" एक म्हणाली.

"अगं, हिला कशाला विचारतेस? हिला पौर्णिमेला पंख फुटणार आहेत," दुसरी म्हणाली. "चिखल लागला तर उडायची कशी?"

सगळ्या हसल्या. तीही हसली. आणि का कोण जाणे, ती त्यांच्याबरोबर गेली. किती तरी वर्षांत ती इतकी मोकळी हसली नव्हती. तिनं पोलक्याच्या बाह्या वर सारल्या. एक भला मोठा खेकडा तिच्या पहारीपुढून आत आत पळत होता, आणि ती त्याच्या मागं खणत गेली. शेवटी तो निसटला. तिनं हात बाहेर काढला, तर आतल्या काळोखात पलीकडच्या बाजूचा उजेड दिसला. बीळ आरपार गेलं होतं.

मैत्रिणी घाबरल्या. "चल, तुझ्या बाबांना सांगूया."

तिनं नकारार्थी मान हलवली.

भरती चढू लागली होती. असं बीळ कसं बुजवायचं, हे राखणदाराच्या मुलीला माहीत नव्हतं असं नाही. आत पेंढा कोंबायचा, त्यावर चिकणमाती, मग चार जणांनी वरून तुडवायचं. पण पेंढा आणायला गेलं तर लोक विचारतील. तिनं हातानं ओला चिखल उचलून दोन्ही तोंडं लिंपली. वरून गवत लावलं. बघणाऱ्याला काही दिसलं नसतं. उद्या येऊन नीट बुजवीन, असं तिनं मनाशी ठरवलं.

पण दुसऱ्या दिवशी बापानं तिला वचनं पाठ म्हणायला समोर बसवलं. तिसऱ्या दिवशी प्रार्थनामंदिर सारवायचं होतं.

रात्रीच्या जेवणाला ती एकदा म्हणाली, "बाबा..."

"काय गं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "भात वाढू?"

आईला तिच्या नखांत काळा चिखल दिसला होता. बांधाचा चिखल कुठला आणि परसातला कुठला, हे त्या गावात कुठल्याही बाईला कळायचं. पण सणाच्या तोंडावर घरात कडू नको, पौर्णिमा झाली की विचारू, असं म्हणून आईनंही ताट पुढं ओढलं.

पौर्णिमा आली. पौर्णिमेची भरती भर दुपारची, आणि वर्षातली मोठी. सगळं गाव लोंब्या घेऊन टेकाडावर जमलं होतं. राखणदार पुढच्या रांगेत होता. आज त्याच्या जन्मभराच्या प्रार्थनेला फळ येणार होतं. मुलगी पांढरं लुगडं नेसून खिडकीजवळ उभी होती. गाणं चाललं होतं. मेजावर भाकर झाकून ठेवली होती.

त्या खिडकीतून बांध दिसायचा.

बांधाच्या आतल्या अंगाला, शेताच्या बाजूला, तिला एक ओला काळा डाग दिसला. ती बघत असतानाच तो वाढला.

तिच्यापासून हाताच्या अंतरावर सगळं गाव उभं होतं. कुंभार होता. मैत्रिणी होत्या. बाप होता. एक शब्द पुरेसा होता, आणि त्या गावात तो शब्द ऐकून गाणं सोडून धावला नसता असा एकही माणूस नव्हता.

ती गुपचूप मागच्या दारानं बाहेर पडली. पाहणाऱ्यांना वाटलं, पाणी प्यायला गेली असेल.

गाणं संपलं. पाळकांनी तिचं नाव घेतलं. कुणी पुढं आलं नाही. त्यांनी पुन्हा नाव घेतलं. तेवढ्यात खालून असा आवाज आला, की त्यानं खिडक्या हादरल्या. तो काय आहे, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

लोक पोचले तेव्हा खांड गेली होती. पिवळ्या भातावर खारं पाणी पसरत होतं. राखणदारानं शेताकडे पाहिलं नाही, कारण खांडीच्या कडेला, ढासळलेल्या मातीत, पांढऱ्या लुगड्याचा पदर दिसत होता. त्यानं नखांनी माती उकरली. तिच्या दोन्ही मुठींत पेंढा होता. बिळाला पाठ लावून ती बसली होती, आणि बांध तिच्यावर आला होता.

श्वास चालू होता. बापानं तिला उचललं आणि तसाच चिखलातून घराकडे चालत निघाला. कुणाला हात लावू दिला नाही. पायरीशी आला, तेव्हा तिनं डोळे उघडले. आपण कुठं आहोत ते तिनं पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "आत नको. मी आज बाहेर बसते."

त्यानं तिला आत नेलं. देवापुढं जिथं ते रोज गुडघे टेकत, तिथं निजवलं. तिला छातीशी धरून तो तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिला की तू आत आहेस, बाळ, आत आहेस. ते तिला ऐकू गेलं की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही. संध्याकाळच्या घंटेआधी ती गेली.

ओहोटीला गावानं खांड बुजवायला घेतली. पहिली टोपली कुंभारानं टाकली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. रीतच होती.

पण तो बाप होता, त्यानं विचारलं. तिला मागच्या आवारात निजवून आल्यावर त्यानं तिच्या मैत्रिणींना बोलावलं. त्या रडत रडत सगळं सांगू लागल्या.

"पण मला का नाही सांगितलंत?" तो म्हणाला. "मी कधी कुणाला रागावलो आहे? बिळाच्या खबरीला मी गूळ देतो, हे तिला माहीत नव्हतं?"

त्यांतली एक, ती पंख फुटण्याचं बोलणारी, हळूच म्हणाली, "आम्ही म्हटलं होतं, काका. म्हटलं, सांगूया, तुझे बाबा गूळ देतील."

"मग?"

"ती आम्हाला म्हणाली, 'तुम्हाला देतील.'"

राखणदारानं कमरेची पिशवी सोडली आणि हातात धरली. जे त्याला मातीच्या बाबतीत कळत होतं, आणि बापाला, आजाला कळत होतं, ते त्यानं घराच्या दाराशी आल्यावर रोज पायातल्या वहाणांसारखं बाहेर काढून ठेवलं होतं.

काही दिवसांनी तो पाळकांकडे गेला. म्हणाला, "मी तिला डागाशिवाय प्रभूपुढे उभी करणार होतो. ती चिखलानं माखलेली गेली. आणि मनात चूक ठेवून गेली. आता तिचं काय होईल?"

म्हातारे पाळक म्हणाले, "तिची काळजी तुम्ही आता करू नका. ज्याच्याकडे ती गेली आहे, त्याच्या घरी कुणाला बाहेर बसवत नाहीत. चिखलानं माखलेल्यांना धुऊन घ्यायलाच तर तो आला होता. हे मी तुम्हाला दर रविवारी सांगत होतो."

"मी ऐकत होतो."

"हो. तुम्ही ऐकत होतात. तिच्यापर्यंत ते पोचवायचं काम माझं नव्हतं, दादा. लेकराला देवाचा चेहरा आधी बापाच्या चेहऱ्यात दिसतो."

राखणदार उठून घरी गेला.

त्या दिवसापासून तो दिवेलागणीला आत बसेना. पायरीवर, मुलगी बसायची तिथं, तो बसायचा. आत बायको एकटी भजन म्हणायची. तो सुरात सूर मिसळायचा नाही. नुसता ऐकायचा. पाऊस आला तरी उठायचा नाही. बायकोनं पुष्कळ दिवस काही म्हटलं नाही. तिचंही दुःख होतं, आणि त्या नखांतल्या चिखलाची आठवण तिलाही झोपू देत नव्हती.

शेवटी एका संध्याकाळी ती दिवा हातात घेऊन दाराशी आली.

"आत या."

"माझी जागा इथंच आहे."

"आत या म्हणते ना," ती म्हणाली. "ती कुठून तरी बघत असेल, तर तिला वाटेल, आपल्या घरात अजून तेच चाललंय."

तो भिंतीला धरून उठला, उंबरा ओलांडून आत गेला, आणि जिथं मुलीला निजवलं होतं तिथं त्यानं गुडघे टेकले. पहिल्यांदाच त्यानं ठरलेली प्रार्थना म्हटली नाही. तो म्हणाला, "प्रभू, माझ्या हातून एक मोठी चूक झाली." पुढं त्याला शब्द सुचले नाहीत. बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तीन पावसाळे शेत खारंच राहिलं. मग हळूहळू माती गोड झाली आणि भात पुन्हा उभा राहिला. राखणदाराच्या घराचं दार त्यानंतर दिवेलागणीला कधी बंद झालं नाही. गावातलं कुठलंही पोर, मडकं फोडून, खोटं बोलून, मारामारी करून, आधी तिथं यायचं. राखणदार त्याला गूळ द्यायचा, प्रार्थनेला आपल्या शेजारी आत बसवायचा, आणि नंतर त्याचा हात धरून त्याच्या आईबापाकडे घेऊन जायचा. आईबाप रागावले तर तो एवढंच म्हणायचा, "सांगायला आलंय ना? मग बांध शाबूत आहे."

पोरं परत गेली की तो काही वेळ दारात उभा राहायचा. पायरी रिकामी असायची. तशी ती रिकामी बघायला मिळावी, म्हणून त्याला फार मोठी किंमत द्यावी लागली होती.

बोध: मूल एक दिवस देवापर्यंत पोचावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आज आपली चूक घेऊन आपल्यापर्यंत येण्याची वाट त्याच्यासाठी मोकळी ठेवावी.